जुने फादर म्हणायचे…

आमच्या चर्चमध्ये चार पाहुणे जास्त आले की बसायला जागा उरत नाही. किस्से मात्र कितीही येवोत, मावतात! कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी हे आमचं कौलारू चर्च. मी मोहोपाड्याला फॅक्टरीत नोकरी करतो आणि रविवारी इथे पेटी वाजवतो. जुने फादर वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण चर्च अजून तेच चालवतात. खोटं वाटत असेल तर नव्या फादरना विचारा!

*

नवे फादर पहिल्याच रविवारी चकाचक पॉलिश केलेले बूट घालून वेदीकडे निघाले. त्यांचा स्वयंपाक करणारी मार्थामावशी आडवी आली.

"फादर, खळ्यावर भात झोडताना कोन पायतान घालतं का? मंग देवाच्या घरात कसं चालंल? जुने फादर म्हनायचे…"

पुढचं ऐकायच्या आत बूट बाहेर!

*

प्रवचन त्यांनी फार मेहनतीने तयार केलं होतं. रंगात आले, तेवढ्यात रस्त्यावर दूध गोळा करणाऱ्या डेअरीच्या टेंपोने हॉर्न दिला. सगळी मंडळी उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "आमेन!" बायका किटल्या घेऊन पळाल्यासुद्धा. हॉर्न वाजला की प्रवचन संपलं, हा जुन्या फादरांचा नियम. दूध थोडंच थांबणार?

"अहो, मी अजून मुद्द्यावर आलोच नव्हतो!" नवे फादर मला म्हणाले.

"फादर, पुढच्या रविवारी मुद्द्यापासूनच सुरू करा."

*

प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' हे वाक्य आलं की आम्ही सगळे मध्येच थांबतो. एकदा मुंबईचे पाहुणे भारावून गेले. "काय हे मनन!"

मनन कसलं डोंबल्याचं! जुन्या फादरना दमा होता. तिथे त्यांचा श्वास पुरायचा नाही. आता धडधाकट पोरंही तिथे दम खातात.

*

पापाची कबुली दिली की जुने फादर प्रायश्चित्त म्हणून बांधावर झाड लावायला सांगायचे. आमच्या अंतोनचा बांध बघाल तर नुसतं जंगल! नव्या फादरनी त्याला फक्त प्रार्थना म्हणायला सांगितल्या. तो खट्टू झाला.

"आन झाड?"

"झाड नको."

"मंग पाप फिटलं ह्ये बायकोला दाखवू कसं?"

*

अखेर वर्षाच्या आतच नवे फादर कंटाळले. "इथे सगळं जुन्या फादरांचंच. माझं काय काम?" मला खरंच वाईट वाटलं. माणूस मनाचा चांगला होता, आणि आमच्या कोपऱ्यात दुसरा कोण येणार? पण त्यांनी बिशपांकडे जाऊन बदली मागायचं पक्कं केलं होतं. कर्जत स्टेशनला सोडायला मी सकाळी रिक्षा घेऊन आलो, तर फादर घरभर बॅग शोधतायत. पलंगाखाली पाहिलं, वेदीमागे पाहिलं. रात्री भरून ठेवलेली बॅग गायब!

मार्थामावशी शांतपणे चुलीवर चहा ठेवत होती.

"मावशी, माझी बॅग पाहिलीत?"

"जुने फादर बी पयल्याच साली निगाले व्हते," मावशी चहात आलं ठेचून टाकत म्हणाली. "त्यांची बॅग अजून माज्या माळ्यावर हाय. बसा, च्या घ्या."