वाढायला गेले आणि हात पसरला

मागच्या काही वर्षांत माझ्या मनात एक विचार सारखा यायचा आणि त्या विचाराचीच मला भीती वाटायची. दत्तमहाराज माझी सेवा घेतात, मग हे दुखणं माझी पाठ का सोडत नाही? पावसाळा सरला की छाती भरायची. हिरवट कफ, संध्याकाळी ताप, पाठीत कळ. बसवकल्याणच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायच्या, थोडं बरं वाटायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग गोळ्या बदलायच्या, कधी इंजेक्शनं घ्यायची. तोंड कडू पडायचं, पोट बिघडायचं. तुरीची रास चालू असताना धुळीनं जीव घाबरा व्हायचा आणि मला खळ्यावरून उठून यावं लागायचं.

माझी थोरली जाऊ मनानं चांगली आहे, पण जिभेला लगाम नाही. एकदा भाकरी थापताना सगळ्यांसमोर म्हणाली, "दत्ताला एवढं खाऊ घालतीस, तरी तुझा खोकला कामून जाईना गं? का त्यो बी पंगतीलाच येऊन बसायलाय?" सगळे हसले. मीही हसले, पण ते बोलणं बरेच दिवस मनात राहिलं.

गुरुवारचा उपास मी लग्नाआधीपासून करते. दिवसभर चहा-पाणी, संध्याकाळी आरती झाल्यावर जेवण. औषधाच्या दुकानात सांगायचे, गोळी जेवल्यावर घ्या. गुरुवारी सकाळी जेवणच नाही, म्हणून सकाळची गोळीही नाही. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळातल्या डब्यात जायच्या. यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. उलट एवढ्या दुखण्यात उपास मोडला नाही, याचंच समाधान असायचं. "गोळ्या नीट घेतल्या ना?" असं डॉक्टरांनी विचारलं की मी मान हलवायची. चौथी शिकलेल्या बाईनं डॉक्टरला उलट काय विचारायचं? मला तर दुकानदारालाही दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते.

मग एका थंडीत एक्स-रे पाहून डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, असंच चाललं तर फुप्फुसाचा तो भाग कायमचा निकामी होईल, बीदरला मोठ्या डॉक्टरला दाखवा. मी फार घाबरले. त्या वेळीही नव्या गोळ्या चालू होत्याच. मी मालकांना म्हटलं, बीदरच्या आधी गाणगापूरला जाऊन मधुकरी वाढून येऊ.

"डोकं फिरलंय का तुझं? श्वास घ्यायला येईना आन् सैपाक करायलीस," ते म्हणाले. पण आयुष्यात मी हट्ट असा कधी केला नव्हता, म्हणून ते ऐकलेही.

गाणगापुरात दुपारी भक्त झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतात. त्या वेळेला स्वतः महाराज कुणाच्या तरी रूपानं झोळी घेऊन फिरतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून आमच्याकडचे लोक घरून अन्न करून नेतात आणि येईल त्याच्या झोळीत वाढतात. मी ज्वारीच्या भाकरी, घट्ट वरण आणि शेंगाची चटणी नेली होती. तो गुरुवार होता. एका घराच्या पायरीशी उभी राहून मी वाढत होते. वाढता वाढता खोकल्याची अशी उबळ आली की पळी हातातून सुटली आणि मी भिंतीला धरून खाली बसले. कमरेची पिशवी निसटली, त्यातली गोळ्यांची पट्टी बाहेर पडली.

पुढ्यात एक उतारवयाची बाई उभी होती. अंगावर विटकं इरकली लुगडं, खांद्याला झोळी. तिच्या झोळीत मी नुकतीच भाकरी वाढली होती. तिनं पट्टी उचलली.

"आजची घेतलीस का गं अक्का?"

"न्हाई. जेवल्यावर घ्यायची हाय. आज गुरुवार, उपास हाय."

ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. झोळीतून भाकरी काढून तिनं मोडली, वर वरण घातलं आणि अर्धी माझ्यापुढं धरली. मी मान हलवून नको म्हटलं.

ती हसली. "दत्ताला वाढायला आलीस, आन् दत्तानं वाढलं तर न्हाई म्हणतीस व्हय? हात कर पुढं."

"मला मागायची सवय न्हाई," मी पुटपुटले.

"तर मग शिक. मी बी इथं येऊनच शिकले. घरी धा जणांला वाढत होते, पण स्वतःसाठी कुणापुढं तोंड उघडत नव्हते. झोळीतल्या घासाला उपास लागत न्हाई. खा."

मी हात पसरला. माझ्याच हातची भाकरी, पण झोळीतून आली तेव्हा तिची चव वेगळी लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं स्वतः तांब्यातून पाणी दिलं, गोळी घेताना समोर बसून राहिली. मग, "उपासाचं मला सांगितलंस, तसं डॉक्टरला बी सगळं सांग," म्हणून उठली आणि पुढच्या घरी गेली. मालक तिला नमस्कार करायला मागोमाग गेले, पण गर्दीत ती दिसली नाही. ती कोण होती, याचा खल मी कधी केला नाही.

बीदरच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, गोळ्या पुऱ्या घेतल्या का? माझी मान हलायला लागली होती. मी ती थांबवली आणि सगळं सांगितलं. गुरुवार, डब्यातल्या गोळ्या, सगळं. मग हात जोडून विचारलं, "साहेब, हे पुन्हा पुन्हा का होतंय, मला समजेल असं सांगा." ते रागावले नाहीत. म्हणाले, छातीतल्या काही नळ्या जुन्या दुखण्यानं सैल पडल्यात, तिथं कफ साचतो आणि नासतो. नुसत्या चुकलेल्या गोळ्यांमुळं हे झालेलं नाही, पण अर्धवट औषधानं जंतू चिवट होतात. त्यांनी आधी कफ तपासायला पाठवला, मग औषध ठरवलं. रोज कुशीवर पडून पाठ थोपटून कफ काढायला शिकवलं. हे पूर्ण जाणार नाही, पण ताब्यात राहील, असंही स्पष्ट सांगितलं.

पाठ थोपटायचं काम जाऊबाईंनी मागून घेतलं. "बरं झालं बाई, डॉक्टरनंच सांगितलं तुला बडवायला!" असं म्हणत ती रोज सकाळी येते आणि तिचा हात फार हलका पडतो.

आजही छाती भरते, पण क्वचित. भरली की मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही, कफ तपासून घेते, दिलेलं औषध शेवटच्या गोळीपर्यंत संपवते. आधी मला वाटायचं, मुकाट सोसणं म्हणजे देवावर सोपवणं. आता कळतं, की देऊ केलेली मदत दोन्ही हातांनी घेणं हेही सोपवणंच आहे, आणि माझ्यासारखीला ते उपासापेक्षा अवघड आहे. गेल्या गुरुवारी गोळ्या चालू होत्या. मी सकाळी पोटभर जेवले, गोळी घेतली आणि मग महाराजांपुढं दिवा लावला. म्हटलं, महाराज, तुमचं नाव घ्यायला श्वास लागतो, तो तुम्हीच दिलाय. तो सांभाळणं हीच आता माझी चाकरी, ती गोड मानून घ्या.