लोटननं न मारलेलं प्यादं

द्रौपदाबाईला माणसं फारशी आवडत नसत, आणि बुद्धिबळ खेळणारी माणसं तर मुळीच नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॅन्टीनमध्ये तिनं तीस वर्षं पोळ्या लाटल्या. दुपारी जेवणं उरकली की इंजिनियर साहेब टेबलावर पट मांडायचे आणि ती भांडी विसळता विसळता त्यांचा खेळ बघायची. बघून बघून तिचं मत असं झालं होतं, की एवढी शिकलेली माणसं एवढं वाईट खेळत असतील तर गावात रोज वीज येते हेच नवल.

एकदा एका साहेबानं गंमत म्हणून तिला समोर बसवलं. चौदा चालींत मात खाल्ली. दुसऱ्या दिवशी सूड घ्यायला बसला आणि अकरा चालींत खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून त्याचं पोट बिघडू लागलं आणि तो डबा घरून आणायला लागला. "पोट कसानं बिघडनं त्यानं, नाक बिघडनं," असं द्रौपदाबाई पोळी उलटता उलटता म्हणाली, आणि तिनं हे त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

तिला खेळ शिकवला तो तिच्या बापानं, लोटननं. धुळ्याजवळच्या एका गावात तो दुसऱ्यांच्या शेतात राबायचा आणि संध्याकाळी पारावर खेळायचा. खेळायचा तो देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारून एकटा राजा उरवला, की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीत सुटला. म्हणून देशी खेळणारा माणूस शेवटचं प्यादं मारत नाही. त्याला अडवून ठेवतो, जिवंत ठेवतो, आणि ते जिवंत असतानाच राजाला कोंडतो. लोटनचा हात त्यात इतका बसला होता, की दोन घोडे आणि राजा एवढ्यावर तो भल्याभल्यांना कोपऱ्यात नेऊन मारायचा. घोडे त्यानंच बाभळीचे कोरले होते. त्यातल्या एकाचा कान तुटलेला होता.

एकोणीसशे एकाहत्तर साली कुणीतरी भरीला घातलं म्हणून लोटन धुळ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरला. नवे नियम त्यानं आठ दिवसांत पाठ केले. धोतर नेसून पॅन्टवाल्यांच्या रांगेत बसला आणि एकेकाला हरवत शेवटच्या फेरीपर्यंत गेला. तिथं समोर कॉलेजात शिकणारा प्रेमराज होता. डाव लांबत लांबत शेवटाला आला. लोटनकडे दोन घोडे, प्रेमराजकडे एक काळं प्यादं. ते प्यादं पटाच्या मध्यावर अडलेलं, आणि त्याच्या पुढ्यात पांढरा घोडा छाती काढून उभा. लोटन प्यादं मारीना. बघणारे हसायला लागले. तेवढ्यात हॉलची वेळ संपली, पंचानं पुस्तक उघडलं, दोन घोड्यांनी मात होत नाही असं वाचून दाखवलं आणि डाव बरोबरीत सोडवला. त्या अर्ध्या गुणावर प्रेमराज जिल्हा विजेता झाला. लोटन चालत गावी आला.

द्रौपदा तेव्हा तेरा वर्षांची होती. पुढं कित्येक वर्षं बाप तोच डाव मांडायचा, तिला काळा राजा द्यायचा आणि तिच्यावर मात करायचा. एकदा नाही, शेकडो वेळा. ती दर वेळी हरायची. आणि दर वेळी मात केल्यावर तो पटाकडे बघत विचारायचा, "मारी टाकाले जोयजे व्हतं का वं, द्रौपदा?" ती म्हणायची, "नही हो बाबा, आत्तेच ते जिकनात ना तुम्हीन." पण पुस्तकातून वाचून दाखवलेल्या गोष्टीपुढं पोरीचं कोण ऐकतो! गावानं तर त्याची थट्टा करायची सोडली नाही. त्यानं पारावर जाणं बंद केलं. चौऱ्याण्णव साली गेला तेव्हाही त्याला तेच विचारायचं होतं. अंथरुणावरून विचारलं, उत्तर ऐकलं, आणि त्याला ते पटलं नाही. बापाच्या त्या न पटण्याचा द्रौपदाबाईला राग होता. तो राग तिनं तीस वर्षं जपला.

आणि आता, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तिचा मुलगा राजदीप एक स्मरणिका घेऊन आला. राजदीप जळगावला सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या सहकाऱ्याची मुलगी धुळ्याच्या प्रेमराज सरांच्या अकॅडमीत शिकायची. खानदेशातल्या बुद्धिबळाचा इतिहास सरांनी लिहिला होता, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो टाकून. जाहिराती देणाऱ्यांना प्रती आधीच मिळाल्या होत्या, त्या सहकाऱ्यालाही. राजदीपनं कौतुकानं आजोबांचं नाव दाखवलं. बिचाऱ्यानं पुढची ओळ वाचली नव्हती.

द्रौपदाबाईनं चष्मा लावून वाचली. 'अंतिम फेरीतील माझे प्रतिस्पर्धी लोटन नावाचे एक गावठी खेळाडू होते. देशी खेळाच्या सवयीपायी, अज्ञानातून त्यांनी माझे शेवटचे प्यादे मारलेच नाही. ते मारले असते तर विजय त्यांचा होता. शास्त्रशुद्ध शिक्षणाचे महत्त्व येथे दिसून येते.' शेजारी पटाची आकृती छापली होती, आणि खाली अकॅडमीची फी.

"ये काय लिखेल शे?" तिनं विचारलं.

राजदीपनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "जाऊ दे ना आई. जुनी गोष्ट आहे. मोठा माणूस आहे तो."

"मोठा? मना बापनी बरोबरीवर मोठा व्हयना तो. रविवारले प्रकाशन शे ना? तुले भ्याव वाटत व्हई ते तू घर बस. मी एकलीच जासू."

राजदीपला भीती वाटतच होती, पण आईला एकटं सोडण्याची जास्त वाटली. रविवारी भुसावळहून दोघं धुळ्याच्या एसटीत बसले. पारोळा येईपर्यंत तो तिला समजावत होता आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिला हवी होती एकच गोष्ट: ती ओळ त्या माणसानं चार लोकांत, स्वतःच्या तोंडानं, चुकीची म्हणावी. त्याखेरीज धुळ्यात तिचं काही काम नव्हतं.

हॉल भरला होता. सगळीकडे आईबाप आणि त्यांच्या गळ्यात पदकं घातलेली लेकरं. एवढ्या लेकरांना एवढी पदकं मिळतात म्हणजे हरतं कोण, हा प्रश्न द्रौपदाबाईला पडला, पण विचारायला कुणी शहाणं दिसेना. व्यासपीठावर पट मांडलेला होता. मुख्य पाहुण्यांनी उद्घाटनाची पहिली चाल म्हणून प्यादं उचललं आणि थेट तीन घरं पुढं ठेवलं. टाळ्या कडाडल्या. द्रौपदाबाई मोठ्यानं हसली. राजदीपनं मान खाली घातली.

मग प्रेमराज सर उभे राहिले. पंचाहत्तरीचे, कॉलेजातून निवृत्त, पांढरा कोट, आवाज असा की प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून घ्यावं. त्यांनी बुद्धिबळाचा जन्म सांगितला, रशियन पद्धत सांगितली, अंत्यखेळाची शिस्त सांगितली, आणि या सगळ्याचा शेवट स्वतःच्या एकाहत्तरच्या विजेतेपदावर केला. "कुणाला काही शंका?" असं ते सवयीनं म्हणाले. असं म्हटल्यावर कुणी उठत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

द्रौपदाबाई उठली. सरळ व्यासपीठावर गेली, पटावरच्या सोंगट्या हातानं बाजूला सारल्या आणि स्मरणिकेतला डाव मांडायला लागली. दोन पांढरे घोडे, दोन राजे, मधोमध काळं प्यादं.

"मी लोटननी पोर. सर, तुम्हीन लिखेल शे, प्यादं मारतं ते जिकतं. आते हाई मी मारं." तिनं प्यादं उचलून बाजूला ठेवलं. "घोडा तुम्हीन ल्या. जिकी दखाडा."

सर समजूतदारपणे हसले. लोकांकडे बघून म्हणाले, "बाई, नुसत्या दोन घोड्यांनी मात करता येत नाही. आमच्याकडचं पहिलीतलं मूलही हे सांगेल."

"मग लिखं कसाले?"

हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं. एका बापानं स्मरणिका उघडून ते पान काढलं, शेजारच्याला दाखवलं. सरांचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्या मागं कुणी नव्हतं. मुद्रणदोष, असं काहीतरी ते बोलू लागले. तोवर द्रौपदाबाईनं प्यादं उचलून परत त्याच्या घरात ठेवलं.

"आते मना बापना डाव. प्यादं जित्तं. राजा तुम्हीन ल्या, घोडा मी लेस. बसा सर."

पाहुणे उत्सुक झाले. आईबापांनी मोबाइल वर धरले. नाही म्हणायला तोंड उरलं नाही, म्हणून सर बसले.

एक घोडा प्याद्यापुढं रोवलेला, तो हललाच नाही. दुसरा घोडा आणि राजा यांनी द्रौपदाबाई काळ्या राजाला हुसकायला लागली. घाई नाही, काही नाही. कणीक मळावी तसं चाललं होतं. पाचसात चाली झाल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ज्या घरात गेलं की लवकर मरण, त्या घराकडे सरांचा राजा फिरकतच नव्हता. जिथून निसटायला वाव, नेमका तिथूनच निसटायचा. तिनं सापळा लावला की सर विचारही न करता दुसरीकडे वळायचे. ही पळवाट बघताक्षणी कुणाला सुचत नाही. तिला स्वतःला ती शेकडो वेळा हरून कळली होती. या माणसाचा हात तर पाठ केल्यासारखा चालला होता.

तिनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. सरांनी तिची नजर टाळली.

एकविसाव्या चालीला राजा कोपऱ्यात गेला. त्याला हलायला एकही घर राहिलं नाही. तेव्हा कुठं द्रौपदाबाईनं प्याद्यापुढचा तो रोवलेला घोडा उचलला आणि शेवटच्या कामाला मोकळा केला. मग लोकांकडे वळून म्हणाली, "दखा. प्यादं मरेल ऱ्हातं, ते आते यास्ले चालच नव्हती, डाव बरोबरीत जाता. प्यादं जित्तं शे, म्हनीसन चालनं पडी." सरांना प्यादं ढकलावं लागलं. ते एक घर पुढं गेलं, आणि तिचा घोडा एक उडी जवळ आला. सरांना पुन्हा प्यादंच ढकलावं लागलं. आणखी एक चाल, की मात. ती हॉलमधल्या लेकरांनाही दिसत होती.

सर पुढं वाकले. चाळीस वर्षं वर्गात, भाषणात आणि घरातसुद्धा शुद्ध बोललेला माणूस अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, बरोबरी करी लेऊत."

द्रौपदाबाईला आतापर्यंत त्याची चीड होती. आता किळस आली. तिनं घोडा ठेवला आणि मात केली.

टाळ्या सुरू झाल्या. ज्यांनी तीन घरांच्या प्याद्याला वाजवल्या होत्या त्याच लोकांनी वाजवल्या, म्हणून तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. सर उभे राहिले, माईक घेतला, घसा साफ केला. "स्मरणिकेतील ते विधान चुकीचं आहे. लोटन यांनी प्यादं मारलं नाही हे योग्यच होतं. पुढच्या आवृत्तीत मी दुरुस्ती करीन." म्हणाले खरं. जे ऐकायला ती आली होती ते तिनं ऐकलं. पण ती हलली नाही.

"तुमले हाई मालूम व्हतं," ती म्हणाली. "तुमना हात सांगे. कवयपाईन मालूम शे?"

सरांनी माईक बाजूला ठेवला. खोटं बोलायचं म्हटलं असतं तर जमलं असतं, पण पट समोर होता. "सत्त्याऐंशी साली," ते म्हणाले. "सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात एक पुस्तक घेतलं होतं. त्यात हा सगळा शेवट दिलेला होता. रात्रभर मांडून बघितला. तुमच्या वडिलांचा डाव जिंकलेला होता." मग म्हणाले, "तुमचा पत्ता द्या. दुरुस्त प्रत घरी पाठवतो."

द्रौपदाबाईनं मनातल्या मनात वर्षं मोजली. मोजायला वेळ लागला नाही. बाप अंथरुणावर पडून विचारत होता, मारायला पाहिजे होतं का, आणि त्याचं उत्तर धुळ्यात, बारा कोसांच्या आत, या माणसाच्या कपाटात पडून होतं. पोरीचं उत्तर बापाला पटलं नव्हतं. याचं पटलं असतं.

"मना बाप चौऱ्याण्णवले गया," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "सात वरीस जित्ता व्हता. तवय पोस्टकार्ड पंधरा पैसाले भेटे, सर."

राजदीप पुढं आला आणि त्यानं आईचा हात धरला. ती व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून, पदकवाल्या लेकरांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेली. मागं पटावर मेलेला राजा कोपऱ्यात होता, आणि प्यादं अजून उभं होतं.