वाणाच्या वहीतली सही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. सारी नोकरी शाळेत गेली. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या लेकराचं पोट मी आधी दाबून बघायची, मगच सुट्टी. आमचे हे म्हणतात, हिला देव भेटला तरी ही त्याचं आधार कार्ड मागंल. मागीन की! काहून मागू नये?

आणि बीडमध्ये राहून संशय घ्यायचा नाही म्हणजे कमालच झाली. सकाळी चार पेपर येतात. एकात रस्ता मंजूर, दुसऱ्यात तोच रद्द, तिसऱ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, चौथ्यातही त्याच, फक्त मिशा वेगळ्या. आता तर मोबाइलवरचे चॅनलवाले बी झालेत. गल्लीत माइक दिसला की मी दार लावून घेते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी वेस होती. निजामाच्याही आधीची म्हणतात. मला कुणी कागद दाखवला नाही, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. दगडी कमान आणि दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या बसायच्या देवड्या. ती उघडीवाघडी कधी दिसायचीच नाही, कारण तिच्यावर कायम कुणाचा ना कुणाचा फ्लेक्स, हात जोडून हसणारा. पण रिक्षावाल्याला 'वेशीत सोड' म्हटलं की पुढं काही सांगावं लागायचं नाही. बिंदुसरेला पूर आला तर पाणी कुठवर चढलं, हेही लोक वेशीवरूनच सांगायचे.

डाव्या देवडीत चाचा बसायचे. कुकर, गॅसच्या शेगड्या, मिक्सर दुरुस्त करायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील तिथंच बसून स्टो दुरुस्त करायचे. चाचांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांची शाळा उर्दूची, ती बी चौथीपर्यंतच. मला सगळी गल्ली 'बाई' म्हणते, तसं तेही म्हणायचे. कुकरचा वायसर त्यांनी बदलला की तो खरंच नवा आहे का, हे मी वास घेऊन बघायची.

"घ्या वास, बाई," ते हसायचे. "रबराचा हाय, अत्तराचा न्हाई."

दोन वर्षांमागं एका पेपरात आलं, 'वेस धोकादायक'. सोबत फोटो, कमानीवर उगवलेल्या पिंपळाच्या रोपाचा. मी म्हटलं, झालं, कुठंतरी पाणी मुरतंय. आठवड्यात टेप घेऊन दोन माणसं आली आणि रस्ता मोजायला लागली. कशासाठी विचारलं तर म्हणे सुशोभीकरण. डोंबलाचं सुशोभीकरण! आमच्याकडं ते झालं की आधी झाडं जातात, मग फरशी येते, मग ती फरशी बी जाते.

माणसं गेल्यावर चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "बाई, तुमी रोज वाचता. खरं सांगा, मला हितून उठवतेत का?"

"कागदाशिवाय कुणाची टाप नाही," मी म्हटलं. "फक्त एक करा. कुणी काय बी आणू द्या, सही करू नका."

"तुमाला दाखवल्याबिगर न्हाई करत," ते म्हणाले.

त्या संक्रांतीला वॉर्डातल्या एका पुढाऱ्याच्या बायकोनं हळदीकुंकू ठेवलं. मंगल कार्यालय, लाउडस्पीकर, उखाणे, सगळं लई थाटात. वाण म्हणून स्टीलचा डबा होता. दाराशी एक बाई वही घेऊन बसलेली. वरचा कागद क्लिपखाली दुमडलेला. "वाण मिळाल्याची सही करा, बाई." आणि मी, संशयी म्हणून गावभर नाव असलेली, त्या वेळी काय करत होते? डब्याचं झाकण नीट बसतं का ते बघत होते. पत्रा पातळ निघाला म्हणून माझं डोकं फिरलं, आणि त्या रागातच सही ठोकली. पूर्ण नावाची, शाळेच्या मस्टरवर करायची तशी ठसठशीत. ती कशाखाली पडली हे कळायला उन्हाळा उजाडला.

आठ दिवसांनी पेपरात मथळा, 'वेस हटवा, महिलांची एकमुखी मागणी'. खाली फोटो हळदीकुंकवाचा! दुसऱ्या रांगेत मी, डब्यावर टिचकी मारताना. मी तरातरा पेपरच्या ऑफिसात गेले. "कुणी केली मागणी? आम्ही उखाणे घेत होतो!" संपादक म्हणाले, "बाई, आलेला मजकूर आहे. खुलासा लिहून द्या, जागा असली तर लावू." जागा काही निघाली नाही.

चाचांना मी सांगितलं, फोटो भलताच आहे, बातमी सपशेल खोटी आहे. त्यांनी मान हलवली. "तुमी म्हणता तर खोटीच."

पुढं मार्चमध्ये वेशीखाली धंदा लावून बसणाऱ्या चौघांना, चाचा धरून, फॉर्म वाटले. नव्या मार्केटात गाळा हवा असेल तर भरून द्या. तिघांनी लगेच भरले. चाचा फॉर्म घेऊन माझ्या दारात आले. मी चष्मा लावून तो दोनदा वाचला. वावगं काही सापडलं नाही, आणि त्याचाच मला जास्त संशय आला.

"नका करू सही," मी म्हटलं. "उद्या म्हणतील, यानं आपणहून जागा सोडली."

त्यांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा पिऊन गेले.

मे महिन्यात जेसीबी आला. आधी फ्लेक्स उतरवला, आणि त्याच्या मागं दगडात कोरलेली दोन कमळं निघाली. एवढी वर्षं राहून मला ती ठाऊक नव्हती. माइकवाले लाइव्ह दाखवत होते. चाचांनी हत्यारांची पेटी समोरच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि तिच्यावरच बसले. दीड दिवसात वेस संपली. मला रडू आलं, आणि राग तर असा आला की कुणाला तरी धरून बडवावं.

तिसऱ्या दिवशी मी चाचांना घेऊन नगरपालिकेत, साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेबांनी गाळ्यांची यादी काढली. तीन नावं. "यांनी फॉर्मच दिला नाही. मुदत संपली."

मग मी सुटलेच. "मुळात वेस पाडायचं कुणाला विचारलं? तिथं राहणाऱ्या एका तरी माणसाची संमती दाखवा!"

साहेबांनी निवांतपणे फाइल माझ्याकडं फिरवली आणि मोठ्यानं वाचलं, "वेस काढून रस्ता रुंद करावा, आमची हरकत नाही." खाली सह्या. तिसरी माझी.

 साहेब माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, न वाचता केली का? फसवून घेतली असं लिहून द्या. मग हे सगळं प्रकरण परत वर पाठवता येतं. त्यात यांच्या गाळ्याचं बी बघू."

मी बोलायच्या आत चाचा खुर्चीतून उठले.

"ओ साहेब, बाईला काय बी बोलू नका. त्या वाचल्याबिगर सही करत न्हाईत. म्या त्यांचं ऐकून तर माझी थांबवली. त्यांनी केली आसंल तर चौघांचं भलं बघूनच केली आसंल."

साहेब माझ्याकडं बघत होते. चाचाही बघत होते. कोरा कागद आणि पेन समोर ठेवलेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "वाचूनच केली."

साहेबांनी फाइल मिटली.