थंडीतलं पाणी

माझ्याकडे जे ऑर्किड होतं, त्याला थंडीत पाणी तोडलं तरच ते वसंतात फुलायचं. दया येऊन पाणी घातलंत की फुलं विसरा. जिथे कळी यायची तिथे एक छोटं रोप फुटायचं. त्याला आम्ही पिल्लू म्हणायचो. आमच्या घरी वर्षानुवर्षं पिल्लंच झाली.

मूळ झाड ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, शिलाँगच्या टूरवरून आणलं. केंद्र सरकारच्या नोकरीत हे देशभर फिरले, पण माझ्यासाठी म्हणून आणलेली वस्तू तेवढी एकच. दिल्लीतल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात मी ते टांगलं. हे मातीत लावायचं नसतं, झाडाच्या सालीला धरून वाढतं, इतकंच तेव्हा माहीत होतं. मग कोळसा इस्त्रीवाल्याकडून मागून आणला. पहाडगंजच्या गणपतीत नारळ फुटायचे, त्यांच्या शेंड्या मी पिशवीत भरून घरी आणायची आणि मंडळातल्या बायका मला हसायच्या. नळाचं पाणी त्याला सोसेना, म्हणून फ्रिजमध्ये साचलेला बर्फ वितळवून ते घालायची. उन्हाळ्यात लू, तो भाजणारा वारा, सुरू झाली की कूलरसमोरची जागा आधी त्याची, मग माणसांची.

पहिल्याच मार्चमध्ये ते फुललं. पानं झडलेल्या, मेल्यासारख्या दिसणाऱ्या कांड्यांवर जांभळी फुलं, आणि प्रत्येकाच्या घशात काळपट मखमली ठिपका. त्या आठवड्यात माझी भाजी रोज करपली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच दिवसांत ह्यांचे साहेब सपत्नीक चहाला आले. साहेबांची बायको व्हरांड्यात गेली ती आत येईना. निघताना म्हणाली, असंच एक आमच्याकडेही लावून द्या. हे लगेच हो म्हणाले. झाड एकच होतं आणि ते माझं होतं, पण मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

पुढच्या थंडीत झाड वाळायला लागलं असं वाटून मी पाणी घालत राहिले. फुलं आली नाहीत, पिल्लं आली. मी हिरमुसले. हे मात्र इतके खूश झाले की ऑफिसला जाताना शीळ घालत जिना उतरले. पिल्लाला बोटभर मुळं फुटली की ते कापायचं, कोळशावर शेंडी ठेवून सुतळीने बांधायचं, जीव धरेपर्यंत सावलीत जपायचं. ते सगळं मी केलं. दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर ते साहेबांच्या बंगल्यावर गेलं.

साहेब बदलत गेले आणि मागणी वाढत गेली. कोणाच्या हातात ह्यांचा गोपनीय अहवाल, कोणाच्या हातात बदली. थंडी पडली की हे सकाळी चहा घेताना आठवण करायचे, पाणी घातलंस का? एका वर्षी मी स्पष्ट सांगितलं की यंदा पाणी तोडते, मला फुलं बघायची आहेत. हे म्हणाले, "अगं, प्रमोशनची फाईल वर गेलीय. पुढच्या वर्षी बिल्कुल तोड." पुढच्या वर्षी नवे साहेब आले.

माझ्या झाडाची फुलं मी दुसऱ्यांच्या घरी पाहिली. एका बंगल्यावर आम्हांला मुद्दाम बोलावलं होतं. लॉनवर, चाफ्याच्या खोडाला बांधलेलं माझं पिल्लू फुलांनी लगडलं होतं. सरबताचा ग्लास हातात घेऊन मी पाहुण्यासारखी उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "हमारे माली का हाथ बड़ा अच्छा है।" हे जोरात हसले आणि माळ्याची तारीफ करू लागले. मला ह्यांची तेव्हा शिसारी आली. शब्द जड आहे, पण दुसरा सापडत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही फरीदाबादला फ्लॅटमध्ये आलो. आता कोणी साहेब नव्हता. म्हाताऱ्या झालेल्या त्या मूळ झाडाला मी बाल्कनीत टांगलं आणि दिवाळीनंतर पाणी बंद केलं. पानं झडली, कांड्या उघड्या पडल्या. मी रोज पेरांवरून बोट फिरवायची. जानेवारीअखेर तिथे टम्म फुगवटे आले. मी कोणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून नव्हे, तर मागणी येईल म्हणून.

फेब्रुवारीत फुगवटे उघडले आणि त्यांतून हिरवी पाती बाहेर आली. सगळी पिल्लं. मी बघतच राहिले. मागून हे आले, हातात पाण्याचा मग. चेहऱ्यावर कौतुक.

"अच्छा, धरली ना? तू विसरतेस म्हणून सकाळी मीच घालत होतो. म्हटलं, तुला पिल्लांची एवढी हौस."

मी खुर्चीवर बसले. एवढी वर्षं ह्यांनी ती माझी हौस म्हणूनच धरली होती. ह्यांच्या बढत्या, ह्यांच्या बदल्या, साहेबांचे बंगले, सगळं ह्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं आणि उरली होती एक पिल्लांच्या मागे लागलेली बायको, जिचे लाड हे पुरवत आले.

मी म्हटलं, "मला फुलं हवी होती."

हे खरोखरच विचारात पडले होते.

"मग कधी बोलली नाहीस ती," हे म्हणाले, आणि मगातलं उरलेलं पाणी झाडाला घालून आत गेले.