सैल सोडलेला हात

मागच्या वर्षी मुलीने विचारलं, "बाबा, रविवारी सकाळी मोकळा आहेस ना? आमच्या क्लासला एक पुरुष हवाय."

"कशाला?"

"मार खायला," ती म्हणाली आणि चहा गाळत राहिली.

ती स्वसंरक्षणाच्या क्लासला जाते एवढंच मला माहीत होतं. का जाते, ते कधी विचारलं नव्हतं. हल्लीच्या मुली जातात, तशी जात असेल असं धरून चाललो होतो.

क्लास दादरला, चर्चमागच्या हॉलमध्ये. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, गळ्यात बारीक क्रूस. सगळ्या त्यांना मिस म्हणतात. क्लासमधल्या बायका एकमेकींना मारताना संकोचायच्या, म्हणून मिसना माझ्यासारखं एखादं धूड हवं होतं. मी नोकरीतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि वजनाला कमी नव्हतो.

पहिल्याच दिवशी मिसनी माझ्या छातीशी जाड पॅड दिलं आणि मुलीला समोर उभं केलं. तिचे दोन्ही हात नुसते लटकत होते. मूठ नाही, आवेश नाही. मग एक हात वर आला, तो इतक्या आळसाने, की मला वाटलं ती माशी हाकलतेय. ओला टॉवेल झटकावा तसा तिचा तळवा पॅडवर पडला आणि मी मागच्या खुर्च्यांवर जाऊन आदळलो.

"लागलं?" तिने विचारलं.

"छे," मी म्हणालो. बरगड्या दुखत होत्या. पण त्याहून जास्त मी चक्रावलो होतो. एवढा जोर आला कुठून? तिच्या चेहऱ्यावर तर राग सोडा, ताणही नव्हता.

डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेला मी. तिथल्या व्यायामशाळेत आम्हाला शिकवलं होतं की मारायचं तर मूठ आवळायची, दात आवळायचे आणि सगळी ताकद खांद्यात आणायची. इथे सगळं उलटं. पुढच्या रविवारी मिसनी मलाही मारायला लावलं. मी हात उचलला तशा त्या म्हणाल्या, "काका, खांदा नीचे. वो कान को क्या बोल रहा है?"

बायका हसल्या. मी खांदा खाली घेतला, तर कोपर ताठ झालं. कोपर सैल केलं, तर मूठ आवळली गेली.

"सैल करायचा नाय काका, सोडायचा," मिस म्हणाल्या.

"फरक काय?"

"तो कळला की मग तुम्ही शिकवा, मी घरी बसते."

मी घरीही प्रयत्न करायचो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हात झुलवायचो. बायकोने काही दिवस पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हाताला मुंग्या येतायत का? डॉक्टरांना दाखवून घ्या."

असे काही महिने गेले. एकदा क्लासवरून मी आणि मुलगी परत येत होतो. आमच्या इमारतीच्या फाटकातच एकाने बाइक आडवी लावली होती आणि वर बसून तो मोबाइल बघत होता. मी त्याला बाइक जरा पुढे घ्यायला सांगितलं. त्याने वर बघितलं, खाली उतरला आणि सरळ माझी कॉलर धरली.

मी काय केलं? काहीच नाही. माझे हात खाली लटकत राहिले, मान सैल पडली. त्याने मला ओढलं तसा मी ओढला गेलो, ढकललं तसा मागे गेलो. मुलगी पुढे झाली. तिने त्याला हात लावला नाही. नुसती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, तिचेही हात खालीच. तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला, मग कॉलर सोडली, काहीतरी पुटपुटला आणि बाइक काढून गेला.

जिना चढताना मुलीने विचारलं, "बाबा, हात मुद्दाम सोडलेलास?"

"माहीत नाही गं. घाबरलो होतो बहुतेक."

ती मधल्या पायरीवर थांबली. "माझं पण असंच झालेलं," ती म्हणाली. "ऑफिसच्या जिन्यात. एकाने दंड धरला आणि सोडेचना. माझा हात असाच लटकत राहिला. ओरडले पण नाही. नंतर कंप्लेंट केली, त्याचा मजला बदलला. पण मला सारखं वाटायचं, मी काहीच कसं केलं नाही? म्हणून क्लास लावला. आणि तिथे मिस पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हात लटकू दे. मला हसू की रडू कळेना."

कोण तो, कधी झालं, आईला माहीत आहे का, असे सगळे प्रश्न एकदम आले आणि एकही नीट विचारता आला नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोही ताठच ठेवला असणार.

पुढच्या रविवारी मी मिसना बाजूला घेतलं. "घाबरून हात गळतो आणि आपण मुद्दाम सोडतो, ते ओळखायचं कसं?"

त्यांनी जरा विचार केला. "त्या टायमाला श्वास चालू होता तुमचा?"

मी आठवून पाहिलं. कॉलर आठवली, त्याच्या तोंडाचा पानमसाल्याचा वास आठवला, फाटक आठवलं. श्वासाचं काही आठवेना.

"मग मला पण नाय सांगता येणार," मिस म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईकडे वळल्या.

अजून मी क्लासला जातो. मार खातो, कधी देतोही. एखाद्या वेळी हात खरंच सुटतो, पॅडवर जड, ओला आवाज येतो आणि मिस मान डोलावतात. पुन्हा करा म्हणतात. पुन्हा केलं की तो ताठ. काय वेगळं केलं होतं ते मला सांगता येत नाही, आणि मुलीला विचारावं तर ती म्हणते, तिलाही येत नाही.

ती अजून त्याच ऑफिसात आहे. लिफ्ट असूनही त्याच जिन्याने वर जाते, असं परवा बोलता बोलता म्हणाली. का, ते मी अजून विचारलेलं नाही.