पोलादी पिन
जळक्या ग्रीसचा वास आला की मला माजलगावच्या धरणावरची ती दुपार आठवते. दुष्काळानं पाणी इतकं उतरलं होतं, की बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर आले होते. मच्छीमार सोसायटीच्या बोटीचा पंखा बुंध्यात अडकला, की इंजिन वाचावं म्हणून मुद्दाम कच्ची ठेवलेली आतली पितळी पिन तुटायची आणि पंखा थांबायचा. रोजच्या तुटण्याला वैतागून बोट चालवणाऱ्या माझ्या मामानं पोलादी पिन ठोकली. "आता तुटून दाव बे!" म्हणत त्यानं इंजिन ताणलं. पंखा बुंध्याला भिडला, पण थांबलाच नाही; दांड्यासकट उसळून बोटीत आला आणि मामाच्या मांडीत घुसला. तडफडणाऱ्या मासळीवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. आजही त्याची कुबडी त्याच्याच टाळक्यात घालावीशी वाटते, कारण तो माझ्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना छाती काढून सांगतो, "पाय गेला, पर पिन न्हाई तुटली!"