पाच कडव्यांचा बगळा

डोमा गुरुजींनी मला एका बगळ्यात फसवलं. इतकी वर्षं झाली, गुरुजी कबूल करत नाहीत आणि गाव तर उलटंच सांगतं. म्हणून सगळं लिहून ठेवतो. वाचा आणि निकाल द्या.

मोहाडीच्या बाजारात पोती वाहत वाहत मी स्वतःचा धान भरडायचा हलर बसवला. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. (रेडिओचं लायसन काढायला पोस्टात गेलो, तेव्हाही विचारलं होतं, "मी फक्त बातम्या ऐकतो जी, तेवढ्याचंच द्या." पोस्टमास्तरांनी खिडकी लावून घेतली.)

तर माझ्या थोरल्या लेकीचं, सुलूचं, लग्न अड्याळच्या मुलाशी ठरलं. तेव्हा आमच्याकडे लग्नासाठी नवी मंगलाष्टकं लिहून घ्यायची, रंगीत कागदावर छापायची आणि मांडवात वाटायची पद्धत होती. आसपासच्या गावांत ती लिहिणारे एकच, आमच्या शाळेचे डोमा गुरुजी. त्यांचा भाव ठरलेला होता. एका कडव्याला एक पायली चिन्नोर तांदूळ.

"आठ कडवी, आठ पायल्या," गुरुजी म्हणाले.

"आठ कायले जी? पाचात लग्न लागत नाही काय?"

"लागते. पण कविता पुरी होत नाही."

"उन्हाळ्याचं लगन आहे गुरुजी. लोकं अक्षता धरून उभे राहतेत, त्याइचा तरी विचार करा!"

"पुढची तीन घेतल्याबिगर मजा नाही, शेठ. सारा जीव त्या तिनातच आहे."

हे ऐकताच मी सावध झालो. कारण गिऱ्हाइकाला मी स्वतः रोज हेच सांगतो! मी म्हटलं, पाच म्हणजे पाच. गुरुजी उरलेली तीन वाचून दाखवायला निघाले, तर मी कानांवर हात ठेवले. घ्यायचा नसलेला माल पाहायचाच नाही, हा माझा नियम आहे. पाहिला की जीव अडकतो.

पाच कडवी मात्र झकास होती. आमच्या गावची बोडी, तिच्यातली कमळं, काठची धानाची बांधी, आणि पाण्यात एक बगळा.

"बोडीच्या जळि एक पाय धरुनी होता उभा पांढरा..."

मी नेहमी पांढरं धोतर आणि पांढरी टोपी घालतो. "हा मीच ना जी?" मी विचारलं.

"बाप म्हणून घ्या," गुरुजी म्हणाले आणि पाच पायल्या मोजून घेऊन गेले. (तांदळात थोडी कणी होती. थोडीच. कवीला तांदळातलं काय कळतं, असं मला वाटलं.)

मी दोनशे गुलाबी कागद छापले. वर बगळ्याचं चित्रही टाकलं. छापखान्यात ठसा तयार होता, त्याच्या चोचीत मासा होता. त्याचे वेगळे पैसे पडणार नव्हते. मी खूश! बगळ्यावर मासा फुकट!

लग्नाच्या दिवशी वरात आली, जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात बसली. मी गुलाबी कागद वाटले. तेवढ्यात वराकडचे लोक पिवळे कागद वाटू लागले. त्यांनीही मंगलाष्टकं आणली होती. नवरदेवाचे मामा भंडाऱ्याला कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांनी एका मांडीवर गुलाबी कागद घेतला, दुसऱ्या मांडीवर पिवळा, चष्मा पुसला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, ही तर एकच कविता आहे! पण आशय अगदी विरुद्ध!"

"म्हणजे?" माझे होणारे व्याही जवळ सरकले.

"असं बघा. बगळा हे प्रतीक. बगळा म्हणजे वधूचा बाप. मासा म्हणजे लेक. आपल्या पिवळ्या कागदावर आठ कडवी आहेत. पाचव्यात बगळा मासा पकडतो, सहाव्यात त्याला आपली पिल्लं आठवतात, सातव्यात तो चोच उघडतो, आणि आठव्यात मासा पाटाच्या पाण्यानं पुढच्या बोडीत जातो. म्हणजे सासरी. काय सुंदर कल्पना!"

"अन् त्याइच्या कागदावर?"

"यांचा बगळा पाचव्यातच थांबतो. ऐका शेवटची ओळ: 'चोचीतील झळाळता हलतसे मासा रुपेरी तया.' संपली कविता! लेक बापाच्या चोचीत अडकलेली, हलते आहे, सुटत नाही. शिवाय वर चित्र! म्हणजे या बापाला मुलगी द्यायचीच नाही, असा स्पष्ट सूर निघतो. ही तुलना मी वर्गात शिकवणार!"

वर्गात जायच्या आधी ती मांडवभर शिकून झाली. व्याही उठून उभे राहिले.

"काय जी इवाई, लेक द्याची नव्हती तं आमाले बोलावलं कायले? अड्याळहून बैलबंड्या जुपून आलो आमी!"

"अवो इवाई, तो बगळा आहे! बगळ्याचं काय मनावर घेता?"

"दोनशे कागदावर छापून वाटलं तुमी! अन् वरून फोटो!"

वरातीतले म्हातारे पागोटी सावरत उठू लागले. इकडे भटजी ओरडत होते, "मुहूर्त जाऊन राहिला जी!" अंतरपाटाच्या एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला माझी सुलू. अजून थोडं थांबलो असतो, तर ती तशीच हळद लागलेली घरात परतली असती.

मी गुरुजींना मांडवाच्या खांबापाशी गाठलं.

"एकच माल दोघाइले विकला?"

"लगन एकच आहे ना जी? मंग कविता दोन कायले?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुमच्या हलरात साऱ्या गावाचा धान भरडते. मी कधी म्हटलं, माह्यासाठी दुसरा हलर आणा?"

"बरं! ती तीन कडवी द्या आता. पटकन!"

"तीन पायल्या."

"दोन!"

मांडवभर माना आमच्याकडे वळल्या. मला कळत होतं की ही वेळ नाही. पण तोंडातून निघून गेलं. चाळीस वर्षांची सवय! गुरुजींनी मान हलवली. मी म्हटलं, "अडीच." भटजींनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "अडीच, अन् कणी अजिबात नाही!"

"म्हंजे मागच्यात होती!" गुरुजी ओरडले.

तेव्हा अंतरपाटाच्या मागून सुलूचा आवाज आला. आमची सुलू कधी मोठ्यानं बोलत नसे. "बाबा," ती म्हणाली, "चोच उघडा ना जी आता."

आधी हसला नवरदेव. मग त्याचे मामा. मग सारा मांडव. व्याहीही हसले, चार माणसं हसत असताना हसू दाबता येत नाही. शेवटी ते पुढे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या इवाई. आमची आठही कडवी म्हणा. आमी पुरे तांदूळ मोजले आहेत."

भटजींनी पिवळा कागद उचलला. आठव्या कडव्यात मासा पुढच्या बोडीत गेला, अक्षता पडल्या, लग्न लागलं. सुलू अड्याळला गेली आणि सुखात आहे.

मी मात्र सुटलो नाही. तेव्हा लोक असे कागद भिंतीला चिकटवून ठेवत. दोनशे घरांत माझा गुलाबी बगळा वर्षानुवर्षं मासा धरून उभा राहिला. मी कोणाकडे वसुलीला नाही, नुसता चहाला गेलो, तरी घरातली म्हातारी आधी भिंतीकडे पाही, मग माझ्याकडे. आणि सुलू आखाडीच्या सणाला माहेरी आली की मी म्हणतो, "दोन दिवस अजून राह्य ना बाई."  ती पिशवी भरता भरता बोटांची चोच करते आणि उघडून दाखवते. माझी बायको पदरात तोंड लपवते.

ते सगळं मी सोसलं. पण हिशेब ऐका. कविता एक, कडवी आठ, आणि गुरुजींच्या घरी तांदूळ गेला तेरा पायल्या! माझी पाच कडवी व्याह्यांच्या आठांत आधीच होती, तर मला विकलं काय? याचा जवाब डोमा गुरुजींनी द्यावा, चार माणसांसमोर द्यावा, आणि पुरा द्यावा. या वेळी मी त्यातली एक ओळही कमी करून मागणार नाही.